दुर्मिळ सावजाची वाट पाहताना

या व्यासपीठावरून राजेरजवाड्यांचा, संतांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो उण्यापुऱ्या पाव शतकाचा असून तो एका खेळाचा आहे. हजारो माणसे आपापल्या घरी संगणकापुढे बसून इंटरनेटवर एकाच वेळी जो खेळ खेळतात, त्या खेळात दुर्मिळ प्राण्याची वाट कशी पाहावी, आपल्या आधी आलेल्याशी कसे वागावे आणि मागून येणाऱ्याला काय उत्तर द्यावे, याच्या रीती कशा पडल्या, कशा मोडल्या आणि पुन्हा कशा उभ्या राहिल्या, एवढाच आमचा विषय. हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. आमच्याही पडली होती.

काही वर्षांमागे एका कारखान्याच्या दारात आमचे धरणे चालू होते. रात्री मांडवात बसणाऱ्या पोरांपैकी एकजण मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास एका ओसाड डोंगराच्या चित्राकडे पाहत असे. आम्ही विचारले, “काय रे, बंद पडले काय?” तो म्हणाला, “नाही भाऊ, वाट बघतोय. इथं एक ड्रॅगन येतो कधीमधी. माझ्याआधी दोघं बसलेत.” “म्हणजे तुझा नंबर तिसरा? नंबर लावून दिला कुणी?” “कुणी कशाला? आमचा आम्हीच लावला.”

त्या शेवटच्या वाक्याने आम्ही जागे झालो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या दारांत फार झाले. ठेकेदाराच्या फाटकाशी रोज सकाळी पन्नास माणसे उभी राहत आणि काम वीसजणांना मिळे, तेव्हा ढकलाढकली व्हायची. नंबराची वही कामगारांनी स्वतः ठेवावी, एवढे जमवून आणण्यात आमची दोन वर्षे गेली होती. आणि इथे, एकमेकांची तोंडे न पाहिलेली माणसे आपणहून नंबर लावीत होती! मग आम्ही त्या पोराला आणि त्याच्या मित्रांना विचारीत, मिळेल ते वाचीत, या गोष्टीचा मागोवा घेतला.

प्रथम या खेळाची रचना समजून घेतली पाहिजे. अशा खेळात एक काल्पनिक प्रदेश असतो. त्यातल्या प्राण्यांच्या जागा ठरलेल्या असतात. प्राणी मारला की ठराविक वेळाने त्याच जागी दुसरा उभा राहतो. पुष्कळदा तो सामान्य असतो, क्वचित दुर्मिळ असतो. दुर्मिळाच्या जागी जो सामान्य प्राणी उभा राहतो त्याला आम्ही गिरणीच्या भाषेत ‘बदली’ म्हणू. बदलीला मारावे, थांबावे, पुन्हा मारावे, पुन्हा थांबावे. कधीतरी मूळ धनी कामावर हजर होतो. त्याच्याजवळ एखादी मोलाची वस्तू असते. तेव्हा वाट पाहणे हा या खेळाचा पायाच होय.

या रचनेचे मूळ जुने आहे. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने केवळ शब्दांत वर्णिलेले असे एक सामायिक जग संगणकावर रचावयास घेतले आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे नेले. १९९०-९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ नावाचे तशाच जातीचे जग केले. याच वळणावर, पण चित्रांसह, मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ सुरू झाला, आणि आमच्या विषयाला खरा आरंभ तेथे झाला.

एव्हरक्वेस्टमध्ये ‘गुक’ नावाचे बेडूक-मानवांचे भुयारी नगर आहे. त्याच्या खालच्या भागात एका खोलीत एक पिसाट पिशाच्च अधूनमधून प्रकट होई. त्याच्याकडून एक काळा रेशमी कमरपट्टा मिळे. तो बांधला की शस्त्र झपाट्याने चालते, म्हणून त्यासाठी लोक रात्री जागवीत. आता खोली एक, कमरपट्टा एक आणि इच्छुक अनेक. यातून रीत पडली ती अशी. जो गट आधी येऊन जागा राखील, तिथल्या प्राण्यांवर त्याचा हक्क. याला ‘कॅम्प’ म्हणत. नवा येणारा आत शिरण्यापूर्वी त्या सबंध भागाला ऐकू जाईल अशी हाक देई, “कॅम्प चेक!” मग जो जिथे बसला असेल तो आपापली जागा सांगे. जागा रिकामी नसेल तर यादीत नाव घालावयाचे. बसलेल्याची वस्तू पदरात पडली, की त्याने उठून पुढच्याला जागा द्यावयाची. पळ काढताना पाठीमागे राक्षसांची रांग लागली, तर वाटेतल्यांना आधी ओरडून सावध करावयाचे. दुसऱ्याच्या तोंडचे सावज पळविणे हे सर्वांत मोठे पाप.

हे सारे नियम खेळाच्या यंत्रात कुठेही नव्हते. यंत्राच्या हिशेबी खोली सर्वांना सारखीच खुली होती. भांडण विकोपाला गेले तर कंपनीच्या माणसाला बोलावता येई. नीट खेळण्याविषयी कंपनीचे एक नियमपत्रकही होते. पण त्या माणसाचा निवाडा बहुधा ‘आळीपाळीने घ्या’ एवढाच असे. मग नियम पाळले कशामुळे जात? आमचे उत्तर असे की, ओळखीमुळे. एका सर्व्हरवर काही हजार माणसांची वस्ती असे आणि मोठे सावज एकट्याने मरत नसे. आज ज्याने यादी मोडली त्याचे नाव उद्या सर्वांच्या तोंडी होई, आणि परवा त्याला कोणी सोबतीला घेत नसे. गावात अब्रू जशी काम करते तशीच ती तिथेही करीत होती.

तथापि या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. रांग न्यायी दिसते खरी, पण तिच्यात जिंकतो तो ज्याच्याजवळ वेळ आहे तो. दिवसपाळी करून घरी आलेल्याचा नंबर यायचा पहाटे तीनला, आणि सहाला त्याला पुन्हा कामावर जायचे. शिवाय, जिथे वाट पाहण्याला मोल येते तिथे तिचा बाजारही भरतो. एव्हरक्वेस्टमधल्या वस्तू खऱ्या पैशाने विकल्या जाऊ लागल्या, इतक्या की जानेवारी २००१ मध्ये ‘ईबे’ या लिलावाच्या संकेतस्थळाला तो व्यापार बंद करावा लागला. त्याच वर्षी एडवर्ड कास्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की या काल्पनिक जगात राबणाऱ्याची कमाई तासाला सुमारे ३.४२ डॉलर पडते. ज्या खेळात मजुरीचा दर काढता येतो तो खेळ उरला किती, हा प्रश्न आमच्यासारख्याला पडल्यावाचून राहत नाही.

ही ओढाताण पुढे जपानमध्ये शिगेला गेली. मे २००२ मध्ये तिथे ‘फायनल फँटसी अकरा’ हा खेळ सुरू झाला. त्यात फाफनिर नावाचा एक ड्रॅगन होता. तो मारला गेला की एकवीस ते चोवीस तासांनी पुन्हा येई. त्या तीन तासांत नेमका केव्हा, ते कोणाला ठाऊक नसे. कंपनीने इथे हक्काचा प्रश्न यंत्रानेच सोडविला होता: ज्याचा पहिला स्पर्श, त्याचे सावज. वरवर पाहता भांडण मिटले. वस्तुतः काय झाले? यादी संपली आणि शर्यत सुरू झाली. मोठमोठे संघ घड्याळाचे गजर लावून मध्यरात्री उठू लागले, आणि माणसाच्या बोटांपेक्षा चपळ असे चोरटे प्रोग्राम पहिला स्पर्श करू लागले. त्याच खेळात ‘लिपिंग लिझी’ नावाची एक लहानशी पाल होती. तिच्याकडचे बूट बाजारात महाग विकले जात, म्हणून पैशासाठी खेळणाऱ्यांनी तिच्या जागेवर ठाणच मांडले. शेवटी कंपनीने विकता येणारे बूट तिच्याकडून काढून घेऊन न विकता येणारे बूट ठेवले. व्यापारी उठले आणि नवशिक्याला पुन्हा तिथे उभे राहता येऊ लागले. उपदेशाने जे झाले नसते ते वाटपाचा कायदा बदलल्याने झाले.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नेही पहिल्या प्रहाराचाच हक्क मानला. २००८ च्या अखेरीस त्यात बर्फाळ शिखरांवर उडणारा एक पिवळसर ड्रॅगन आला, ज्याच्यासाठी माणसांनी आठवडेच्या आठवडे आकाशाकडे डोळे लावले. तरीही सर्व्हरवरच्या ओळखीचा थोडा धाक उरला होता. २०१२ साली कंपनीने निरनिराळ्या सर्व्हरवरची माणसे एकाच प्रदेशात आणून सोडली. ओस प्रदेश गजबजावेत हा हेतू चांगला होता. पण सहा तास बसलेल्याच्या पुढ्यातून कोणी परका येऊन सावज घेऊन जाई, आणि तो उद्या भेटण्याची शक्यता नसे. ज्याला उद्या भेटावयाचे नाही त्याला आज लाज कोणाची? रोज नवी माणसे आणणाऱ्या ठेक्यात संघटना बांधताना आम्हांला हाच अनुभव आला आहे.

त्याच २०१२ साली ‘गिल्ड वॉर्स दोन’ या खेळाने निराळी वाट दाखविली. जो लढाईला हातभार लावील त्या प्रत्येकाला त्याचा वाटा स्वतंत्र मिळेल. दुसरा आल्याने पहिल्याचे काही कमी होणार नाही. २०१६ सालचा ‘पोकेमॉन गो’, जो त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या देशातही रीतसर आला, तोही याच जातीचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक दुर्मिळ प्राणी प्रकटला तेव्हा शेकडो माणसे रात्री धावत सुटली. पण ज्याला त्याला आपापला प्राणी मिळणार असल्याने बातमी लपविण्याचे कोणाला कारणच नव्हते.

आणि आता या इतिहासातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. फाफनिरवाल्याच कंपनीने ‘फायनल फँटसी चौदा’मध्ये जुलै २०१४ मध्ये ‘हंट’ म्हणजे शिकार सुरू केली. दुर्मिळ प्राणी प्रदेशात हिंडतात, आणि मारण्यात भाग घेणाऱ्या सर्वांना बक्षीस मिळते. पहिल्या दिवसांत गोंधळ उडाला. शंभर माणसे तुटून पडत, प्राणी क्षणात मरे आणि वाटेवर असलेले रिकाम्या हाताने परतत. यातून खेळाडूंनी नवी रीत घातली: ज्याला सावज दिसेल त्याने ठिकाण सर्वांना कळवावे, लोक गोळा होईतो हात लावू नये आणि मग सर्वांनी मिळून प्रहार करावा. घाई करणाऱ्याला लोक बोल लावू लागले. किती वेळ थांबावे याविषयी वाद होत राहिले, रीत मोडणारेही निघाले. परंतु फरक पाहा. गुकमध्ये माणूस प्राण्याची वाट पाहत होता. इथे प्राणी समोर उभा आहे आणि माणूस माणसाची वाट पाहत आहे! माणसे तीच, लोभ तोच. वाटपाची तऱ्हा पालटली, तेव्हा धीराचा अर्थ पालटला.

याचा अर्थ जुनी रांग मेली असा मात्र नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्टच्या कंपनीने आपला २००४ सालचा खेळ जुन्या नियमांसह पुन्हा उघडला. पहिल्याच दिवसांत आरंभीच्या प्रदेशांत माणसांची दाटी झाली. कामगिरीसाठी ठराविक प्राणी मारावयाचा, प्राणी एक आणि माणसे असंख्य. तेव्हा ठिकठिकाणी खेळाडू एकामागे एक रांगेने उभे राहिले. रांगेची चित्रे जगभर गेली, लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. कंपनीने रांगेचा नियम केला नव्हता आणि पहारेकरी नेमला नव्हता. मधे घुसण्याची मुभा असताना पुष्कळांनी पाठीमागे जाऊन उभे राहणे पत्करले.

वाट पाहण्याची सभ्यता माणसांना शिकवावी लागते, असे व्यवस्थापक आम्हांला नेहमी सांगत आले. आमचा अनुभव आणि हा इतिहास निराळे सांगतो. सभ्यता माणसे आपली आपण निर्माण करतात. तिला दोन गोष्टी लागतात. उद्या पुन्हा गाठ पडेल अशी ओळख लागते, आणि दुसऱ्याला मिळाले म्हणजे माझे बुडालेच असे नसलेले वाटप लागते. ही दोन्ही मोडून टाकून मग माणसांना असभ्य म्हणणे, हा कारखान्याच्या दारातला जुना डाव आहे.

मांडवातल्या त्या पोराचे काय झाले, हे सांगून पुरे करतो. पहाटे चारच्या सुमारास तो ड्रॅगन आला. रांगेतल्या पहिल्याने तो घेतला. आमच्या पोराने दोन बोटांनी त्याचे अभिनंदन टाइप केले, चहाचा पेला उचलला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “आता पुढं एकच राहिला, भाऊ.”