पांढरी बाजू वर

पिशवी जपून धरा. वरच्या कप्प्यात फ्लॅशचे काचेचे बल्ब आहेत, खाली फिल्मचे होल्डर. आजचा दिवस हे होल्डर द्यायचं आणि परत घ्यायचं काम तुमच्याकडे, म्हणून एकदा नीट बघून घ्या. एका होल्डरला दोन बाजू, आणि प्रत्येक बाजूत एकच फिल्म, पोस्टकार्डाहून लहान. फिल्मवर उजेड पडू नये म्हणून एक पातळ पट्टी सरकवलेली असते. पट्टीच्या कडेची पांढरी बाजू वर असेल तर आत कोरी फिल्म आहे. फोटो घेऊन झाला की पट्टी उलटी करून परत सरकवायची, म्हणजे काळी बाजू वर येते. एवढं चुकलं तर एकाच फिल्मवर दोन फोटो चढतात आणि दोन्ही वाया जातात.

जून १९४७. दिल्लीचा उन्हाळा असा की कॅमेऱ्याच्या धातूला हात लावला तरी चटका बसतो. तुमच्या पुढे चालणाऱ्या बाई साडीत आहेत. होमाई व्यारावाला. वय तेहतीस. मूळच्या नवसारीच्या पारशी, वाढल्या आणि शिकल्या मुंबईत. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. दारावरचा माणूस बाईंकडे बघतो, साडीकडे बघतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि बाजूला होतो. या बाईपासून कसला धोका, असं त्याला वाटलेलं असणार. हे नेहमीचंच आहे. हौसेने कॅमेरा मिरवणारी कोणी बाई, असा लोकांचा समज होतो. जिथे इतर फोटोग्राफरना अडवतात तिथे बाईंना वाट मिळते. त्या या गैरसमजाचं ओझं वाहत बसत नाहीत, त्याचा उपयोग करून घेतात.

आत काँग्रेस महासमितीची बैठक आहे. फाळणीची योजना मान्य करायची की नाही, याचं मतदान. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहता. शाळेत शिकलेलं सगळं तुम्हाला पाठ आहे, दंगली, गाड्या, निर्वासितांच्या छावण्या. खोलीतल्या कोणालाही पुढचं अजून दिसलेलं नाही. हात वर होतात. खादीच्या बाह्यांतून वर आलेले, माणसांचे अगदी साधे हात. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की पोरं करतात तसे वर केलेले. शटरचा खटका वाजतो आणि बाई न बघताच हात मागे करतात. तुम्ही दुसरा होल्डर देता. फोटो घेतलेला होल्डर हातात येतो. काळी बाजू वर.

देशाचे दोन तुकडे झाले त्याचं चित्र म्हणून आपण खच्चून भरलेल्या गाड्यांचे फोटो बघतो. मला मात्र हा हातांचा फोटो जास्त हलवतो.

इथून थोडं मागे, मुंबईला. १९३० च्या दशकाची अखेर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. इथे बाईंच्या हातात रोलीफ्लेक्स आहे, पोटाशी धरायचा कॅमेरा. वरून डोकावून बघायचा. एकदा तुम्हीही बघा. काचेवर जग उलटसुलट दिसतं, डावीकडचं उजवीकडे. समोरून येणारी मुलगी काचेत दुसऱ्याच बाजूने आत शिरते. हात बसायला दिवस लागतात. पण या कॅमेऱ्याचं एक वैशिष्ट्य नजरेत भरतं. फोटो काढणाऱ्याची मान खाली असते. समोरच्याला आपल्याकडे कोणी रोखून बघतंय असं वाटतच नाही. जे. जे. च्या मुली गप्पा मारताहेत, हसताहेत, चित्राच्या फळ्या काखेत धरून चालल्या आहेत, आणि बाईंच्या काचेत त्या तशाच उतरताहेत.

फोटोग्राफी त्यांना शिकवली मानेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे नवरे झाले. टाइम्स ऑफ इंडियात हिशेबनीस, आणि जात्याच फोटोग्राफर. बाईंचे पहिले फोटो छापले ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने, बायकांच्या एका सहलीचे, आणि प्रत्येकी एक रुपया दिला. मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’. कित्येक फोटो मानेकशांच्या नावाने छापून आले, कारण या नव्या बाईचं नाव कोणाला ठाऊक होतं? पान उघडून खालचं नाव वाचताना तुम्हाला राग येईल. मलाही येतो. बाई मात्र पुढच्या फोटोच्या तयारीत आहेत.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेली, ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी मिळाली म्हणून. बाहेरची कामं करायला मोकळीक होती. पुढची अठ्ठावीस वर्षं बाई दिल्लीत कधी सायकलने, कधी गाडीने सामान वाहत हिंडल्या. गाडीचा नंबर डीएलडी १३, म्हणून टोपणनाव ‘डालडा १३’. तेरा आकडा त्यांना फळला होता, जन्म १९१३ चा आणि मानेकशा भेटले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या.

१६ ऑगस्ट १९४७, लाल किल्ला. हो, सोळाच. नेहरूंनी किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा फडकवला तो सोळाला, पंधराला नव्हे. माणसांचा असा समुद्र की पिशवी डोक्यावर धरावी लागते. बल्ब सांभाळा. एखादा फुटला तर काच गर्दीतल्या अनवाणी पायांत जाईल.

पुढची वर्षं भराभर जातात. १९५६ मध्ये दलाई लामा सिक्कीमच्या नथू-ला खिंडीतून आले, बाई तिथे होत्या. हो चि मिन्ह, राणी एलिझाबेथ, जॅकलीन केनेडी, सगळे त्यांच्या चौकटीतून गेले. पण मी तुम्हाला पालम विमानतळावर थोडं थांबवणार. नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे आहेत. पंतप्रधान नाही वाटत ते, स्टेशनावर गाडीची वाट बघणारा घरचा थोरला भाऊ वाटतो. शेजारी पाटी: फोटो काढण्यास सक्त मनाई. बाई पाटीसकट फोटो घेतात. विमान उतरतं, बहीण येते, भाऊ तिला मिठीत घेतो, आणि दुसरा फोटो. दोन होल्डर, काळी बाजू वर.

त्या काळी दिल्लीतल्या फोटोग्राफरांचे काही नियम होते. कपडे नीट हवेत, धक्काबुक्की नाही, समोरच्याची लाज राखायची. बाईंना ते मनापासून पटलेले होते. तोंडात घास असलेल्या माणसाचा फोटो काढून काय मिळवायचं? एवढ्या जवळ जाऊ देतात ते विश्वासाने, तो मोडला तर दार बंद. पुढे नव्या फोटोग्राफरांचं वागणं बघून त्यांचा जीव रमेना. १९६९ मध्ये मानेकशा गेले. १९७० मध्ये बाईंनी हे काम सोडलं, आणि सोडलं ते सोडलंच. मुलाबरोबर पिलानी, मग वडोदरा. मुलगाही त्यांच्या आधी गेला. वडोदऱ्यात त्या एकट्या राहायच्या, घरातली डागडुजी, बागकाम स्वतः करायच्या. सबीना गडीहोक यांनी त्यांच्यावरचं पुस्तक २००६ मध्ये आणलं तेव्हा कुठे देशाला त्यांची पुरती ओळख झाली. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या.

मी तुम्हाला वडोदऱ्यातच सोडलं असतं. पण एका दिवसापाशी जायचं राहिलंय, आणि त्या दिवसाबद्दल बाईंना आयुष्यभर हळहळ होती.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. थंडीतलं उतरतं ऊन. पिशवी तुमच्या खांद्यावर आहे. आज बल्ब लागायचे नाहीत, गांधीजींना फ्लॅश आवडत नाही. अल्बुकर्क रोडवर बिर्ला हाउसमध्ये पाचला प्रार्थना आहे. बाई निघाल्या आहेत. होल्डर तुम्हीच भरलेत, अंधाऱ्या खोलीत, बोटांनी चाचपत.

तुम्हाला माहीत आहे. दोन पावलं पुढे होऊन सांगावंसं वाटतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही, आणि सांगाल तरी काय? चला, लवकर चला, असं? की जाऊच नका?

मानेकशा हाक मारतात. त्यांच्या मनात प्रार्थनासभेचं चित्रीकरण करायचं आहे, तेव्हा आज नको, उद्या दोघं मिळून जाऊ. बाई थांबतात. घरातला साधा विचारविनिमय, रोज कुठल्या ना कुठल्या नवरा-बायकोत होणारा. उद्या तर उद्या. त्या मागे वळतात आणि तुम्हीही पिशवी घेऊन मागे फिरता.

सव्वापाच वाजून जातात.

बातमी आल्यावर त्यांच्याकडे बघू नका. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या अशा क्षणी कॅमेरा खाली केलाय, तेवढं तुम्हीही त्यांच्यासाठी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तुमच्याआधी तयार आहेत. अंत्ययात्रा बिर्ला हाउसहून यमुनेकाठी जाणार, तास न् तास चालणार. रस्त्यांत, झाडांवर, विजेच्या खांबांवर माणसं. तुम्ही पिशवी उघडता. काल दुपारी भरलेले होल्डर भरले तसेच ओळीने आहेत, सगळ्यांची पांढरी बाजू वर.

बाई न बघताच हात मागे करतात. तुम्ही पहिला होल्डर काढून त्यांच्या हातात देता.