डायल-अप ॲक्सिलरेटर आणि खरे ब्रॉडबँड : घरगुती जोडणीतील फरक

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवेचा आरंभ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने केला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे घरातील इंटरनेट म्हणजे दूरध्वनीच्या तारेला जोडलेला मोडेम, असेच समीकरण होते. क्रमांक फिरवायचा, खरखराट संपेपर्यंत थांबायचे आणि मग संकेतस्थळ एकेका ओळीने उमटताना पाहायचे, हा अनुभव एका संपूर्ण पिढीने घेतला. या संथपणावर २००३ ते २००५ या काळात दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे जुन्याच जोडणीवर बसणारी 'ॲक्सिलरेटर' नावाची संगणक प्रणाली, आणि दुसरा म्हणजे ब्रॉडबँड. जाहिरातींत दोहोंचे वर्णन 'हाय स्पीड' असेच होई. प्रत्यक्षात पहिल्या उपायाने तारेचा वेग किंचितही वाढत नव्हता.

डायल-अपची मर्यादा मोडेमच्या दर्जात नसून दूरध्वनी यंत्रणेच्या रचनेत होती. डिजिटल एक्स्चेंज माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत साठवते. याचा गुणाकार ६४ किलोबिट होतो. त्यांपैकी ७ बिटच भरवशाने वापरता येत असल्यामुळे ५६ किलोबिट ही डायल-अपची कमाल मर्यादा ठरली. १९९८ मध्ये आलेल्या 'व्ही.९०' या मानकात हा वेग केवळ उतरवून घेण्यासाठी होता. उलट दिशेने, म्हणजे घरातून माहिती पाठविताना, ३३.६ किलोबिटच मिळत. बहुतेक घरांत प्रत्यक्ष वेग याहूनही कमी असे.

येथे एक नेहमीचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. जोडणीचा वेग किलोबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार किलोबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे ५६ किलोबिटची जोडणी आदर्श स्थितीतही सेकंदाला ७ किलोबाइटच आणते. व्यवहारात ४ ते ५ किलोबाइट मिळाले तरी ती जोडणी चांगली म्हणावी लागे.

ॲक्सिलरेटर या मर्यादेच्या आतच काम करी. ग्राहकाच्या संगणकावर एक छोटी प्रणाली असे आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे एक मध्यस्थ सर्व्हर असे. ग्राहकाने मागितलेले पान आधी या सर्व्हरवर येई. तेथे मजकूर दाबून लहान केला जाई, चित्रांचा दर्जा उतरविला जाई, आणि मग हे हलके झालेले गाठोडे दूरध्वनीच्या तारेवरून घरी पोहोचे. एकदा पाहिलेल्या पानाचे भाग संगणकावर साठवून पुन्हा वापरले जात. अमेरिकेत नेटझीरोने २००३ मध्ये 'हायस्पीड' नावाने अशी सेवा आणली, अर्थलिंक आणि एओएल यांच्याकडेही ती होती. 'पाचपट वेगवान' असा दावा सर्रास केला जाई, मात्र त्याच्या आधी 'पर्यंत' हा अर्थ सूचित करणारा शब्द बारीक अक्षरांत असे.

हा दावा निखालस खोटा नव्हता. शंभर किलोबाइटचे एक पान घेतले आणि त्यात तीस किलोबाइट मजकूर व सत्तर किलोबाइट चित्रे आहेत असे धरले, तर साध्या जोडणीवर ते उमटायला वीस सेकंदांच्या आसपास लागत. चित्रे वीस आणि मजकूर आठ किलोबाइटवर आणला, की तेच पान सहा-सात सेकंदांत दिसे. बातम्या वाचणाऱ्याला हा फरक निश्चितच सुखावह होता. मात्र त्याचा मोठा वाटा धूसर केलेल्या चित्रांचा होता. मजकूर दाबण्याचे काम 'व्ही.४२बिस' या मानकानुसार मोडेम स्वतःही पूर्वीपासून करीतच होता. तेव्हा ब्राउझरमध्ये चित्रे बंद ठेवणाऱ्या ग्राहकाला या लाभाचा बराचसा भाग एक पैसाही न मोजता मिळत असे.

खरी परीक्षा पुढे होती. एमपीथ्री गाणे, झिप फाइल, चित्रफीत या गोष्टी मुळातच दाबलेल्या असतात. त्या आणखी लहान करता येत नाहीत. पाच मेगाबाइटचे गाणे उतरवायला ॲक्सिलरेटर असो वा नसो, सुमारे वीस मिनिटे लागतच. बँकेची किंवा रेल्वे आरक्षणाची पैसे भरण्याची पाने कूटबद्ध असतात. मध्यस्थ सर्व्हरला ती वाचताच येत नसल्याने तेथेही लाभ शून्य. ती वाचता येतील अशी व्यवस्था एखाद्या कंपनीने केलीच, तर ग्राहकाचा पासवर्ड तिसऱ्याच्या हाती जाण्याची भीती निर्माण होई. एरवीच्या पानांबाबतही ग्राहक काय पाहतो याची नोंद त्या सर्व्हरवर राहणे शक्य होते. या मुद्द्याची चर्चा जाहिरातींत अर्थातच नसे.

आणि दूरध्वनी? तो पूर्वीसारखाच अडकलेला असे. इंटरनेट चालू असेपर्यंत गावाहून येणारा फोन लागत नसे, आणि इंटरनेटच्या तासांखेरीज दूरध्वनीचे कॉल वेगळे मोजले जात. घरातील वादाचे मूळ बहुतेक वेळा वेगापेक्षा या बिलात असे.

ब्रॉडबँड या शब्दाला भारतात नेमका अर्थ १४ ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने दिला. कायम चालू राहणारी आणि उतरवून घेण्याचा किमान वेग २५६ किलोबिट असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी ती व्याख्या होती. तोपर्यंत ६४ किंवा १२८ किलोबिटची केबल जोडणीही याच नावाने विकली जाई. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' आणि दिल्ली व मुंबईत एमटीएनएलने 'ट्रायबँड' या नावाने सेवा सुरू केली. तार तीच तांब्याची होती, पण तिचा वापर वेगळा होता. आवाजाला तारेच्या क्षमतेचा अगदी तळाचा, चार किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. एडीएसएल तंत्रज्ञान त्याच्या वरचा, सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते. घरातील छोटा स्प्लिटर दोन्ही वेगळे करतो, त्यामुळे फोनवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. तेच पाच मेगाबाइटचे गाणे २५६ किलोबिटवर तीन मिनिटांच्या आत येई.

तथापि ब्रॉडबँड सर्वांना उपलब्ध नव्हते, आणि मिळाले तरी त्यालाही अटी होत्या. एडीएसएलचा संदेश अंतरागणिक क्षीण होतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरपलीकडच्या घरात तो कसाबसा पोहोचतो. जुने सांधे आणि पावसाळ्यात ओल धरणारी केबल यांनी जवळचे घरही दूरचे ठरे. गावातील एक्स्चेंजमध्ये आवश्यक यंत्रणा बसलेली नसेल, तर पैसे देण्याची तयारी असूनही उपयोग नव्हता. धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य ठेवले होते. त्या वर्षाच्या अखेरीस प्रत्यक्ष आकडा सुमारे एक कोटी दहा लाख होता.

दुसरी अट वापराच्या मर्यादेची. महिन्याला एक गिगाबाइटची मर्यादा धरली, तर २५६ किलोबिटच्या जोडणीवर ती सलग नऊ तासांत संपते. जानेवारी २००७ पासून दोन्ही सरकारी कंपन्यांनी मर्यादित वापराच्या योजनांचा वेग २ मेगाबिटपर्यंत नेला, तेव्हा तीच मर्यादा सव्वा तासाच्या आत संपू लागली. ज्यादा वापराचे पैसे वेगळे पडत. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर हिशेबाबाहेर ठेवलेला असे, आणि अनेक घरांतील संगणक याच वेळेत एकटेच जागे राहून फाइली उतरवीत.

म्हणून त्या काळी निवड केवळ वेगाची नव्हती. ब्रॉडबँड दारापर्यंत येत असेल आणि घरात विद्यार्थी किंवा परदेशी राहणारे नातेवाईक असतील, तर मर्यादेवर नजर ठेवून ते घेणेच हिताचे होते. आठवड्यातून दोनदा ईमेल पाहणाऱ्याला साधे डायल-अप पुरेसे होते. ॲक्सिलरेटरसाठी वेगळे शुल्क मोजण्याचे सबळ कारण एकाच गटाला होते : जेथे ब्रॉडबँड पोहोचलेले नव्हते आणि वापर मुख्यतः वाचनाचा होता.

ॲक्सिलरेटरची युक्ती डायल-अपबरोबर लगेच संपली नाही. २००९ मध्ये 'ऑपेरा टर्बो'ने आणि पुढे क्रोम ब्राउझरच्या डेटा बचत सुविधेने ती मोबाइलच्या महागड्या डेटासाठी वापरली. बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध झाल्यावर मध्यस्थाला दाबण्यासाठी फारसे काही उरले नाही, शिवाय डेटाही स्वस्त झाला. गूगलने क्रोममधील ही सुविधा मार्च २०२२ मध्ये बंद केली. एओएलची डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबली, आणि तिच्यासोबत क्रमांक फिरविणारी तिची प्रणालीही.