पांढुर्ण्याच्या चित्रफितींतील आवाज

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा 2023 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशाचा एक स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी त्या छिंदवाड्याच्या दप्तरी होत्या. त्याहूनही मागे, भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्यप्रांताच्या कारभारात, नागपूरशी त्यांचा व्यवहार इतका निकटचा होता की 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांच्या हद्दी नव्याने मुकर्रर होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले, तरी येथील सोयरिकी आणि घरातले मराठी बोलणे पूर्वीच्याच वहिवाटीने चालू राहिले. दप्तराची भाषा हिंदी आणि घराची मराठी, अशा या मुलखात लग्नाच्या आणि उत्सवांच्या चित्रफिती हा बोलीचा एक मोलाचा दस्तऐवज आहे, असे मी मानतो. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 साली निघाला आणि त्यात नागपुरी बोलीची नोंद झाली. परंतु कागदावरच्या अक्षराला हेल नसतो. म्हणून चित्रफीत संपादित होऊन बाहेर पडताना तिचा आवाज फाटतो, मध्येच तुटतो किंवा ओठांच्या पुढे पळतो, तेव्हा ती तक्रार मला केवळ यंत्राची वाटत नाही.

चित्रफिती काढण्याच्या या व्यवसायाची खरी कसोटी गोटमारीच्या दिवशी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते त्याच दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांचे लोक दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. या प्रथेत रक्त सांडते, म्हणून प्रशासन दरवर्षी बंदोबस्त ठेवते. शूटिंगवाल्याला मात्र त्या गर्दीत ढोलांचा दणका आणि आरोळ्या यांच्यामधून चंडीमातेचा जयघोषही टिपायचा असतो. ध्वनीची पातळी एकदा मर्यादेबाहेर गेली की लहरींचे माथे छाटले जातात, आणि छाटलेला माथा मागाहून कोणत्याही युक्तीने पूर्ववत होत नाही. जाणकार शूटिंगवाला म्हणूनच पातळी आधीच खाली ठेवतो.

परंतु पुष्कळदा टिपलेला आवाज निर्दोष असतो, संपादन करतानाही नीट ऐकू येतो, आणि अंतिम फाईल काढल्यावर मात्र त्यात टकटक उमटते. याचे मूळ शोधायचे तर चित्रपटाच्या आरंभाकडे जावे लागते. ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली मराठी बोलू लागला, त्या काळापासून चित्र आणि ध्वनी यांचा स्वभावभेद तंत्रज्ञांना छळत आला आहे. चित्र सेकंदाला चोवीस वेळा थांबत थांबत पुढे जाते, तर ध्वनीला क्षणभरही थांबून चालत नाही. म्हणूनच फिल्मच्या कडेवरील ध्वनिरेषा तिच्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापत, म्हणजे चित्राची धक्क्याधक्क्याची चाल ओसरून फिल्म समगतीने वाहू लागली की मग तो ध्वनी वाचला जाई. एखादी चौकट गळाली तर डोळा ती विसरतो, कान विसरत नाही.

पुढे ध्वनीचे अंक झाले, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली. प्रारंभीच्या अंकीय ध्वनीला साठवायला व्हिडिओची फीतच सोयीची होती. तिच्या सेकंदाच्या 50 क्षेत्रांत, म्हणजे अर्ध्या चौकटींत, प्रत्येकी 294 रेषांवर, ध्वनीचे तीन-तीन नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, बसत, आणि त्यांचा गुणाकार होतो सेकंदाला 44,100. तोच आकडा 1982 च्या कॉम्पॅक्ट डिस्कचा झाला. चित्राच्या फितीतून जन्मलेला हा आकडा गाण्यांकडे गेला, आणि चित्राच्या व्यवसायाने मात्र स्वतःसाठी 48,000 स्वीकारला! 1995 च्या डीव्ही कॅसेटने त्यात 32,000 ची आणखी एक तजवीज केली. लग्नाच्या फितीत कॅमेऱ्याचा ध्वनी एका मापाचा आणि वर लावलेले गाणे दुसऱ्या मापाचे, असा प्रकार तेव्हापासून चालू आहे.

हा फरक दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. 44,100 चा ध्वनी 48,000 समजून वाजवला, तर तासाभराचे कीर्तन 55 मिनिटे साडेसात सेकंदांत संपते आणि बुवांचा स्वर चढतो. मोबाइलने नवी अडचण आणली. प्रकाश कमी-जास्त होईल तसा त्याचा चौकटींचा वेग बदलतो, आणि आरंभी जुळलेले ओठ अखेरीस जुळेनासे होतात.

सौंसरकडच्या आमच्या एका आप्तांच्या घरी जात्यावरच्या ओव्यांची जुनी डीव्ही कॅसेट होती. तिची फाईल करून आणली, तेव्हा म्हातारीचा आवाज पोरीसारखा बारीक आणि घाईचा निघाला. घरातली माणसे काही बोलली नाहीत, पण ती म्हातारीच गाते आहे हे कोणालाच पटेना. फीत 32,000 मापाची होती आणि ती 48,000 ची समजली गेली होती, एवढाच हिशेब चुकला होता. ज्याने ते दुरुस्त केले, त्याची रीत मला आदर्श वाटली: संपादनाआधीच त्याने प्रत्येक ध्वनी 48,000 च्या असंकुचित वेव्ह फाईलमध्ये आणला, सोबत जोडायची मोबाइलची दृश्ये स्थिर वेगाची करून घेतली, जेथे जेथे कात्री लागली तेथे ध्वनीला निमिषभराचा उतार आणि चढ दिला, कारण लहर मध्येच तुटली की टक् असा आवाज होतो, आणि शेवटी संपूर्ण ध्वनी वेगळा काढून, कानाला हेडफोन लावून, अथपासून इतिपर्यंत ऐकल्यावरच तो चित्राला जोडला.

मूळ कॅसेट त्याने परत दिली. घरच्यांनी ती कापडात गुंडाळून, वर ‘आजी, ओव्या, 32’ असे लिहून कपाटात ठेवली आहे.