१०८चा चालक कोणाचा नोकर?

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. १०८ला फोन लावला, गाडी आली. गाडीवर शासनाचं नाव आहे, खर्चही शेवटी शासनाच्याच तिजोरीतून होतो. मग स्टिअरिंगवर बसलेला माणूस कोणाचा नोकर? कागदावर पाहिलं तर तो शासनाचा नोकर नाही, ठेका घेणाऱ्या संस्थेचा आहे. हे असं का झालं, ते आज पाहू.

आधी जुनी पद्धत. प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी आणि तिचा चालक म्हणजे मंजूर पद. वेतनश्रेणी, रजा, निवृत्तिवेतन हे सगळं त्या पदाबरोबर यायचं. पण हा काळ सोन्याचा होता असं आपण समजू नये. गाडी एक आणि चालक एक असेल तर पाळी कसली? रात्री दोनला हाक आली तरी उठायचं. आणि कायदा काय म्हणत होता? १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं चालकांना दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा दिली. पण त्याच कायद्याच्या अडतिसाव्या कलमात आजारी-जखमींना नेणारी वाहनं वगळलेली होती! म्हणजे ज्याला झोपेची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच बाहेर.

आता २००५ साल बघा. एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. १५ ऑगस्टला हैदराबादेत १०८ सेवा सुरू झाली. चालवणारी संस्था खासगी, पुढे पैसा मुख्यतः सरकारी. चालकाला नवं नाव मिळालं, ‘पायलट’. नाव मोठं झालं, पण मंजूर पद गेलं. २००९मध्ये सत्यमचा घोटाळा उघडकीला आला आणि ही सेवा दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. गाडी तीच, रस्ता तोच, मालक मात्र बदलला. महाराष्ट्रात २०१४मध्ये ९३७ गाड्यांसह सेवा आली. इथं गाडीवर डॉक्टरही असतो, हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. ठेका मात्र खासगी कंपनीकडेच.

कुणी म्हणेल, मग कामगार न्यायालयात का गेले नाहीत? इथं तारखा महत्त्वाच्या आहेत. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं बारमाही कामातली ठेकेदारी बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. ठेकेदारी बंद झाली की कामगार थेट मूळ मालकाचा होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात म्हटलं. २००१मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठानं ते फिरवलं. पुढे एप्रिल २००६मध्ये उमादेवी निकाल आला. नियमित भरती प्रक्रियेबाहेर लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असं त्यात ठरलं. म्हणजे १०८ रस्त्यावर आली तेव्हा सरकारी नोकरीत शिरण्याची दारं एकामागून एक बंद होत होती. २०१६मध्ये जगजित सिंग खटल्यात समान कामाला समान वेतन मिळालं खरं, पण ते सरकारनं स्वतः नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना. मधे ठेकेदार असला की तिथंच पुन्हा अडतं.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो? ठेका ठरावीक वर्षांचा असतो. तो बदलला की दहा वर्षांचा अनुभवी माणूस पुन्हा नवखा ठरू शकतो. पगार थकला तर कंपनी म्हणते, शासनाकडून बिल आलं नाही; शासन म्हणतं, तो तुमचा आणि कंपनीचा विषय. कायद्यानं मुख्य मालकावर थकीत पगाराची जबाबदारी टाकली होती, पण ती वसूल करायला कामगाराला भांडावं लागतं. आणि संप करावा तर रुग्णाचं काय, हा प्रश्न त्याच्याही मनात असतोच.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगू. जुन्या पद्धतीत रिकामी पदं होती, एक नंबर नव्हता, गाडीत प्रशिक्षित माणूस क्वचितच असायचा. १०८नं हे बदललं, जीव वाचले. नोव्हेंबर २००५नंतर महाराष्ट्रात नव्या सरकारी नोकरांचंही जुनं निवृत्तिवेतन गेलं, म्हणजे सरकारी बाजूही पूर्वीची राहिली नाही.

तेव्हा प्रश्न फक्त सरकारी की खासगी एवढाच नाही. सेवेची जबाबदारी ज्याची, माणसाची जबाबदारीही त्याचीच का नसावी? कोरोनात पन्नास लाखांच्या विमा योजनेत केंद्रानं ठेक्यावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही घेतलं होतं. मृत्यूनंतर जे नातं मान्य झालं, ते जिवंतपणी पगारपत्रकात का दिसू नये? इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.