निबंधतपासणीचे यंत्र : १९६६ ते २०२४

उच्च शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वीकार करावा की नाही, ही चर्चा आपल्या महाविद्यालयांत प्रामुख्याने २०२२ नंतर सुरू झाली. या स्वीकाराचा एक भाग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लेखनाचे यंत्राकडून मूल्यमापन, अमेरिकेत त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ विचाराधीन होता. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

एलिस पेज हे पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवीत. निबंधांचे गठ्ठे तपासण्याचा शीण त्यांना ठाऊक होता. पुढे कनेक्टिकट विद्यापीठात असताना, १९६६ मध्ये, संगणकाद्वारे निबंधतपासणी नजीक आली असल्याचे त्यांनी ‘फाय डेल्टा कॅपन’ या नियतकालिकात प्रतिपादन केले. त्यांच्या संगणकाला निबंधाचा अर्थ कळत नव्हता. लेखनाचे अंगभूत गुण आणि यंत्राला मोजता येणारी बाह्य लक्षणे यांत पेज यांनी स्पष्ट भेद केला होता. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशी लक्षणे मोजायची, परीक्षकांनी दिलेल्या गुणांशी त्यांचा सांख्यिकीय संबंध काढायचा आणि त्यावरून नव्या निबंधाचे गुण वर्तवायचे, अशी ही पद्धत. तरीही यंत्राचे गुण परीक्षकांशी जवळजवळ तितकेच जुळले, जितके परीक्षकांचे गुण परस्परांशी जुळत होते.

हा निष्कर्ष यंत्राच्या यशाचा पुरावा मानला गेला. वस्तुतः तो परीक्षकांविषयीही बरेच सांगत होता. भराभर गुण देणारा परीक्षकही नकळत बाह्य लक्षणेच मोजत असतो. केंद्रीय मूल्यांकनाच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासलेल्या प्राध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको. दोन मोजण्या जुळल्या म्हणजे विश्वसनीयता सिद्ध होते, सप्रमाणता नव्हे. मराठी उत्तरपत्रिकांसाठी उद्या असे यंत्र घडवायचे झाल्यास ते आपण दिलेल्या गुणांवरूनच शिकेल, आणि आपली घाईही त्यात उतरेल.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅट परीक्षेत १९९९ मध्ये ‘ई-रेटर’ ही प्रणाली दोन परीक्षकांपैकी एकाच्या जागी आली. माणूस आणि यंत्र यांच्यात एका गुणाहून अधिक अंतर पडल्यास निबंध आणखी एका मानवी परीक्षकाकडे जाई. ही तरतूद शहाणपणाची होती. प्रणाली तयार करणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने तज्ज्ञांना यंत्र फसवण्याचे आव्हानही दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तेच परिच्छेद पुनःपुन्हा लिहिलेल्या निबंधाला यंत्राने सर्वोच्च गुण दिल्याची नोंद आहे. स्वतःच्या साधनाचा दोष असा उघड मांडणारे आज थोडेच.

२०१४ मध्ये एमआयटीचे लेस पेरलमन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ‘बेबल’ ही प्रणाली रचली. दोनतीन शब्द दिले की ती भारदस्त पण निरर्थक निबंध लिहून देई, आणि गुणदानाच्या यंत्राकडून त्यास भरघोस गुण मिळत. एक यंत्र लिहीत होते, दुसरे तपासत होते. वाचणारे कोणी नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यावर अर्थपूर्ण भासणारा निबंधही कोणत्याही विद्यार्थ्यास असाच मिळू लागला.

जीमॅटचे नवे स्वरूप २०२३ च्या अखेरीस आले. त्यात निबंधलेखन नाही. जुने स्वरूप जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले आणि त्या परीक्षेपुरता, निबंध कोणी तपासावा हा वाद न सुटताच थांबला.