डोंगर सारखेच, मग महाबळेश्वरच का?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच खल सुरू होतो. यंदा हवापालटाला जायचं खरं, पण कुठल्या डोंगरावर? कुणी म्हणतं महाबळेश्वर, कुणी माथेरान. आणि घरातली तरुण मंडळी तर थेट काश्मीरच्या बर्फावर जाऊन पोचतात. हा प्रश्न आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी तो मोठमोठ्या अधिकाऱ्यांना पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहिलं तर आपल्या घरातली चर्चाही थोडी सोपी होईल.

नकाशा उघडा आणि भोर तालुक्यातल्या किकवी गावावर बोट ठेवा. पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं, नीरा नदीच्या थोडं अलीकडचं हे गाव. आता इथून चहूकडे पाहा. उत्तरेला पुरंदर, वायव्येला सिंहगड, पश्चिमेला वेल्ह्याकडचे राजगड आणि तोरणा, नैर्ऋत्येला भोरच्या पलीकडे रायरेश्वराचं पठार, आणि त्याच दिशेला आणखी पुढे महाबळेश्वर. पाखराच्या वाटेने मोजलं तर यांतलं कुठलंही ठिकाण किकवीपासून तीस मैलांच्या आत. आणि उंची? सिंहगड सुमारे ४,३०० फूट, राजगड ४,५०० च्या आसपास, तोरणा तर ४,६०० फूट. पुरंदर, रायरेश्वर आणि महाबळेश्वर हीदेखील साडेचार हजारांच्या आगेमागेच. आता सांगा, डोंगर सारखेच उंच, एकाच सह्याद्रीची लेकरं. मग बाजारपेठ, बंगले, हॉटेलं ही सगळी महाबळेश्वरच्याच वाट्याला का आली?

उंची कमी पडली म्हणून नव्हे, एवढं तर उघड आहे. दर हजार फुटांना हवा सुमारे दोन अंश सेल्सिअसने थंड होते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० फुटांवर. म्हणजे पुण्याचा माणूस साडेचार हजार फुटांवर गेला की त्याला पाचेक अंशांचा गारवा मिळणार, मग तो डोंगर राजगड असो की महाबळेश्वर. इंग्रजांनाही हे ठाऊक होतं. पुरंदरावर त्यांनी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम चालवलं. सिंहगडावर उन्हाळ्यासाठी बंगले उभे राहिले. लोकमान्य टिळकांचा बंगला तिथे आजही दाखवतात. पण गड बांधणाऱ्यांनी या जागा निवडल्या होत्या त्या कुणी सहज वर येऊ नये म्हणून! जिथे शत्रूला चढता येत नाही, तिथे आजाऱ्याचा मेणा तरी कसा चढणार? रायरेश्वराचं पठार ऐसपैस आहे, वर वस्तीही आहे. पण कड्याची वाट अवघड. शिवरायांनी स्वराज्याची शपथ तिथे घेतली असं परंपरा सांगते. शपथेला ती जागा योग्य होती. बायकामुलांच्या बिऱ्हाडाला नव्हे.

महाबळेश्वरची गोष्ट निराळी. ते फार जुनं क्षेत्र. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. इंग्रजांनी ते ‘शोधलं’ असं पुस्तकांत लिहितात, तेव्हा हसू येतं. आपले यात्रेकरू तिथे शतकानुशतकं जात होते. १८२४ साली साताऱ्याच्या छावणीवरचा अधिकारी लॉडविक हा डोंगर चढून गेला आणि आरोग्यधामाला ही जागा उत्तम आहे असं त्याने वर्तमानपत्रांतून लिहिलं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली ते मनावर घेतलं. पण मुलूख होता साताऱ्याच्या छत्रपतींचा. तेव्हा १८२९ साली अदलाबदल झाली. प्रतापसिंह महाराजांनी डोंगर दिला आणि बदल्यात घेतलं खंडाळा. हे खंडाळा लोणावळ्याजवळचं नव्हे हं. तेव्हा वाईकडे मोडणारं, शिरवळच्या पुढचं. किकवीहून महाबळेश्वरला निघालात तर ते वाटेतच लागतं. नव्या पेठेला नाव मात्र पडलं माल्कमचं, ‘मालकम पेठ’.

साताऱ्याहून डोंगरावर जाणारा चांगला रस्ता करून घेतला तो याच प्रतापसिंह महाराजांनी. पुढे १८३९ साली कंपनी सरकारने त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. तिथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागून आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली वेण्णा तलाव बांधला. थोडक्यात, रस्ता एका छत्रपतींचा, पाणी दुसऱ्यांचं आणि पेठेवर नाव गव्हर्नरचं!

रस्ता झाला, पाणी झालं, खायचं काय? भाजीपाला पिकवायला आणि इतर कामांना पूर्वेकडच्या मलायाच्या बाजूचे चिनी कैदी तिथे आणून ठेवले होते. त्यांच्या हातांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या रुजल्या. तो तुरुंग १८६४ साली बंद झाला, भाज्या राहिल्या. आणि याच रानात धावड लोक लाकडी कोळशावर लोखंड गाळीत. राखीव जंगलाच्या नियमांपुढे त्यांच्या भट्ट्या विझल्या. एकाची विश्रांती ही दुसऱ्याच्या कष्टावर, कधी कधी दुसऱ्याच्या पोटावर उभी असते, हे या डोंगराच्या इतिहासात ठळक दिसतं.

प्रवासाची कथाही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला मुंबईकर जहाजाने बाणकोटला येत, तिथून होडीने सावित्री नदीतून महाडच्या बाजूला, आणि मग पालखीतून घाट चढत. वर बसणारा एक, खांदा देणारे अनेक! १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि सारी वाट बदलली. मुंबईहून गाडीने पुण्यास यायचं आणि पुढे टांगा. कात्रजचा घाट, शिवापूर, किकवी, नीरेचा पूल, शिरवळ, खंबाटकी, वाई आणि शेवटी पसरणीचा घाट, असा पाऊणशे मैलांचा प्रवास. पुढे पुणे-मिरज मार्गावर वाठार स्टेशन झालं आणि पुष्कळ प्रवासी तिकडून जाऊ लागले. मोटार आली तेव्हा मात्र किकवीच्या रस्त्याला पुन्हा महत्त्व आलं.

एवढं सगळं करून ती जागा सर्वांना मानवली का? नाही. मुंबई इलाख्याचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ च्या जानेवारीत महाबळेश्वरीच वारला. त्याचं स्मारक तिथे आहे. शिवाय पाऊस! वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस कोसळणार, भिंतींना गवताचे तट्टे बांधावे लागणार, आणि जूनमध्ये सगळ्यांना बिऱ्हाड गुंडाळून खाली उतरावं लागणार. मग बारा महिने राहता येईल अशी जागा हवी म्हणून पाचगणी पुढे आली. अंतर जेमतेम अकरा-बारा मैलांचं, उंची जवळजवळ तेवढीच, पण पाऊस एक-तृतीयांशाच्या आसपास. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे झाडं लावली, वस्ती जमवली. शाळा निघाल्या, आणि १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअरची स्थापना झाली. पाचगणी जिंकली ती उंचीवर नव्हे. आजारी माणसाला आणि लहान मुलाला तिथे वर्षभर राहता येत होतं, म्हणून.

दूरदेशीही हेच घडलं. स्वित्झर्लंडमधलं दावोस हे सुमारे ५,१०० फुटांवरचं गाव एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांच्या हवापालटासाठी नावारूपाला आलं. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल आपल्या क्षयग्रस्त पत्नीला घेऊन तिथे राहिला. तिची शुश्रूषा चालू असता त्याने पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर घसरण्याचा खेळ शिकून घेतला आणि १८९४ साली डोंगर ओलांडून शेजारच्या आरोसा गावी गेला. आज ज्या खेळासाठी लोक त्या पर्वतांत गर्दी करतात, तो तिथे रुजला तो असा दुखणाईतांच्या सोबतीने.

आपल्याकडे मात्र बराच काळ ही चैन साहेबांची आणि धनिकांची होती. सामान्य मराठी घराला सुट्टी म्हणजे आजोळ. १९४८ साली एस. टी. सुरू झाली, गावोगावी गाड्या पोचल्या, आणि शिधा बांधून निघालेलं कुटुंबही हळूहळू डोंगरावर दिसू लागलं. ज्या वाटेवर माणसांच्या खांद्यांवरून एकटा साहेब जात होता, तिथे आजी, सून आणि नातवंडं एका बाकावर बसून जाऊ लागली. हा बदल मला त्या सगळ्या बंगल्यांपेक्षा मोठा वाटतो.

आता तुमच्या निवडीकडे वळू. गुलमर्गला जायचं म्हणता? अवश्य जा, बर्फाचा आनंद काही औरच. पण ते ८,५०० फुटांच्या वर आहे. आठ हजार फुटांच्या पुढे हवा विरळ होते, काहींचं डोकं दुखतं, झोप लागत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माथेरानला जायचं? ते २,६०० फुटांच्या आसपास, गारवा बेताचा. पण गावात मोटारींना मनाई असल्यामुळे पोरं रस्त्यावर मोकळी खेळतील. महाबळेश्वर? मे महिन्यात पसरणीच्या घाटात मोटारींची रांग लागते, त्याची तयारी ठेवा. आणि पाचगणी-महाबळेश्वरचा सारा परिसर २००१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे, हेही ध्यानात असू द्या. पाहुण्यांच्या भाराने डोंगरही थकतात.

तेव्हा घरात खल होईल त्या वेळी फुटांचा आकडा शेवटी विचारा. आधी विचारा, आजीला तिथवर सुखाने पोचता येईल का? तान्ह्याला रात्री ऊब मिळेल का? प्यायला पाणी पुरेसं आहे का? आणि आपल्यासाठी जे तिथे राबतील, त्यांना त्यांचा योग्य मोबदला मिळेल का? घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला जो डोंगर मानवेल, तो तुमचा. आणि असा डोंगर दूरच असला पाहिजे असंही नाही. किकवीच्या आसपासची शिखरं आपण नुसती मोजली तरी अर्धा डझन भरली!