बॅकअपची तारीख कुणी पाहिली होती?

गिटलॅब डॉट कॉम ही प्रोग्रॅमर मंडळींची कोड ठेवण्याची आणि त्यावर मिळून काम करण्याची जागा. २०१७ च्या जानेवारीत तिथली खाती, प्रकल्पांच्या नोंदी, चर्चा, तक्रारी हे सगळं सुमारे ३०० जीबीच्या एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. कोड वेगळ्या सर्व्हरवर होता, म्हणून महिनाअखेरच्या अपघातात तो वाचला. डेटाबेसचे सर्व्हर दोन: एक मुख्य आणि दुसरा त्याची जशीच्या तशी नक्कल ठेवणारा दुय्यम. कंपनीनं पुढे जो सविस्तर अहवाल जाहीर केला, त्याच्या आधारे हा घटनाक्रम मांडला आहे. वेळा यूटीसी आहेत. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.

घड्याळ सुरू होण्याआधी

डेटाबेसची पूर्ण प्रत काढून ती अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीवर ठेवण्याचं काम रोज क्रॉन या ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून चालायचं. ते डेटाबेसच्या सर्व्हरवर नव्हे, तर अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवरून चाले. पोस्टग्रेसची कोणती आवृत्ती वापरायची हे तिथलं सॉफ्टवेअर डेटाबेसच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलवरून ठरवत असे. अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर ते फोल्डर असण्याचं कारणच नव्हतं. फाइल सापडली नाही की सॉफ्टवेअर ९.२ ही जुनी आवृत्ती धरून चालायचं, आणि डेटाबेस तर ९.६ वर होता. प्रत काढणारा पीजी-डंप हा प्रोग्रॅम जुना असेल तर नव्या सर्व्हरची प्रत काढायला नकार देतो, चूक नोंदवतो आणि थांबतो.

क्रॉननं आपलं काम चोख केलं. चूक झाल्याची ईमेल त्यानं पाठवली. पण डीमार्क ही बनावट ईमेल अडवणारी व्यवस्था लागू होती आणि क्रॉनच्या ईमेलना तिच्या चाचणीत उतरेल अशी सही नव्हती. घेणाऱ्या सर्व्हरनं त्या परतवल्या. बॅकअप बंद, बंद असल्याची खबरही बंद. कंपनीत मात्र सगळं सुरळीत असल्यासारखी शांतता.

३१ जानेवारी, १७:२०

एक अभियंता चाचणीच्या सर्व्हरवर वेगळ्याच कामात होता. वाचनाचा भार अनेक डेटाबेस सर्व्हरांवर वाटता येतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी ताजा डेटा हवा. खऱ्या डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, रोज रात्री एक वाजता आपोआप निघायचा. तो सोळा तास जुना होता. त्यानं हातानं नवा स्नॅपशॉट काढला आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. पुढे जे काही वाचलं ते याच प्रतीमुळे. ती सुरक्षेसाठी घेतलेली नव्हती, केवळ कामाच्या सोयीसाठी घेतलेली होती.

१९:००

डेटाबेसवरचा ताण एकाएकी वाढला. स्पॅमचा संशय आला. लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात. ताण आवरायला काही तास गेले. त्यातला काही भाग स्पॅमचा नव्हताच, हे मागाहून कळलं: गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार झाली होती, ते खातं चुकून काढून टाकण्याच्या रांगेत लागलं होतं, आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम पडद्याआड चालू होतं.

२३:००

दुय्यम सर्व्हर मागे पडू लागला. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाची नोंद फाइलींत लिहितो आणि दुय्यम सर्व्हर त्या वाचून स्वतःला अद्ययावत ठेवतो. ताणामुळे नोंदी इतक्या वेगानं साचल्या की दुय्यमनं वाचण्याआधीच मुख्य सर्व्हरनं जुन्या फाइली काढून टाकल्या. त्या नोंदी दुसरीकडे साठवून ठेवण्याची सोय केलेली नव्हती. आता एकच मार्ग उरला: दुय्यमवरचं फोल्डर रिकामं करायचं आणि मुख्यवरून सगळं नव्यानं उतरवायचं.

अभियंत्याच्या गावी रात्र झाली होती, तो काम थांबवून उठण्याच्या बेतात होता. ही अडचण आली आणि तो थांबला. दुय्यमचं फोल्डर पुसलं. मुख्यवरून प्रत उतरवणारं पीजी-बेसबॅकअप सुरू केलं. ते अडकून बसलं, काहीच बोलेना. काही प्रयत्नांनंतर कळलं की प्रत पाठवण्यासाठीच्या जोडण्यांची मर्यादा कमी पडते आहे. ती ३ वरून ३२ केली. मग पोस्टग्रेस पुन्हा सुरू होईना. एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली होती, ती २००० वर आणल्यावर ते उठलं. पीजी-बेसबॅकअप तरीही गप्पच.

खरं तर ते बिघडलेलं नव्हतं. मुख्य सर्व्हरकडून डेटा येऊ लागेपर्यंत ते मुकाट्यानं वाट पाहतं, ही त्याची रीतच आहे. हे माहीत असलेला सहकारी त्या वेळी हजर नव्हता.

२३:३०

आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत दुय्यमच्या फोल्डरमध्ये काही फाइली उरल्या असतील, असं अभियंत्याला वाटलं. फोल्डर पुन्हा पुसायची आज्ञा दिली. पण टर्मिनलची खिडकी मुख्य सर्व्हरची होती.

एकदोन सेकंदांत लक्षात आलं आणि त्यानं ती आज्ञा तोडली. तोवर सुमारे ३०० जीबी गेले होते. उरले जेमतेम साडेचार.

मध्यरात्रीच्या आसपास

शोध सुरू झाला. दुय्यम सर्व्हर तर आधीच पुसलेला. एस-थ्रीवर पाहिलं, तिथं बॅकअप नाही. रोजच्या प्रती कुठे पडतात ते धुंडाळलं, तर जे निघालं त्याचा आकार काही बाइट्सचा. अ‍ॅझ्युअर या क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट? ते फाइलींच्या सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असं धरलं होतं. एकेका उपायानं दुसऱ्यावर भरवसा टाकला होता आणि प्रत्यक्षात एकही कुणी तपासला नव्हता.

इथं थांबून सांगायला हवं, कारण या रात्रीचा इलाज फार मोठा नव्हता. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला तिच्या शेवटच्या बदलाची वेळ चिकटलेली असते. एस-थ्रीच्या यादीतही तारीख आणि आकार मिळतो. वेगवेगळ्या फोल्डरांतून फिरून तारखा तपासणारी शेल स्क्रिप्ट दहापंधरा ओळींची होते. पण ती कशी लिहिली यावर सारं अवलंबून आहे. अनेक जण ‘फाइंड’ या आज्ञेला सांगतात: एका दिवसाहून जुन्या फाइली दाखव. फोल्डर रिकामं असेल तर ‘फाइंड’ काहीच दाखवत नाही आणि काम यशस्वी झाल्याचं कळवतं. म्हणजे ज्या जागी सर्वांत मोठा घात झाला आहे तीच जागा निर्धोक दिसते. प्रश्न उलटा विचारावा लागतो: या फोल्डरमधली सर्वांत ताजी फाइल कोणती? ती सापडलीच नाही तर ओरड. सापडली आणि जुनी निघाली तरी ओरड.

जुनं म्हणजे किती, यातही खोच आहे. ‘फाइंड’ दिवस मोजताना वरचे तास सोडून देतं, त्यामुळे ‘एका दिवसाहून जास्त’ म्हटलं की सत्तेचाळीस तासांची फाइलही सुटते. मिनिटांत मोजणारा पर्याय आहे, तोच वापरावा. शिवाय साध्या ‘सीपी’नं प्रत केली की जुन्या फाइलीच्या प्रतीवर आजची तारीख बसते. सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच: आज्ञेचा निकाल बाणाच्या खुणेनं फाइलीत वळवला, तर शेल ती फाइल आज्ञा चालायच्या आधीच तयार करतं. प्रत काढणं फसलं तरी ताज्या तारखेची शून्य बाइटची फाइल जागेवर हजर! म्हणून तारखेच्या जोडीनं आकार बघायचाच, आणि तो कालच्याशी ताडून पाहायचा. तीनशे जीबीच्या डेटाबेसची प्रत काही बाइट्सची असूच शकत नाही, हे ताडायला माणसाचीही गरज नाही.

आणि निरोप? तो केवळ बिघाडाच्या वेळी ईमेलनं पाठवला, तर ईमेल अडली की पुन्हा तीच शांतता. स्क्रिप्टनं रोज ‘सगळं ठीक’ असं दुसऱ्या यंत्राला कळवावं, आणि तो निरोप आला नाही की त्या यंत्रानं घंटा वाजवावी.

१ फेब्रुवारी

हाती उरली ती १७:२० ची चाचणीची प्रत. ती ज्या डिस्कवर होती ती स्वस्तातली, वेग सेकंदाला साधारण ६० मेगाबिट. कॉपी चालू राहिली, साइट बंद राहिली. गिटलॅबनं आपला कामाचा दस्तऐवज जगासाठी खुला ठेवला आणि डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. हजारो लोक ते बघत होते. चूक झाकून ठेवणं सोपं होतं, पण त्यांनी ते केलं नाही. अशी उघड वागणूक मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आदराची वाटते.

१७:०० ला डेटाबेस उभा राहिला, पण वेबहुक, म्हणजे घडामोडी दुसऱ्या सेवांना आपोआप कळवणाऱ्या जोडण्या, गायब होते, कारण चाचणीकडे प्रत नेताना ते मुद्दाम काढले जात. स्नॅपशॉटवरून वेगळा सर्व्हर उभा करून वेबहुकचा तक्ता परत आणला. १८:०० च्या सुमारास साइट चालू झाली.

१७:२० पासून मध्यरात्रीपर्यंतच्या सहा तास चाळीस मिनिटांतल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. कंपनीच्या अंदाजानं सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती.

१० फेब्रुवारी

अहवाल प्रसिद्ध झाला. अभियंत्याला बळीचा बकरा केलं नाही; दोष व्यवस्थेचा मानला. पुढच्या कामांच्या यादीत दर तासाला स्नॅपशॉट होते, बॅकअपवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती, आणि कोणता सर्व्हर कोणता हे डोळ्यांत भरावं म्हणून टर्मिनलचा प्रॉम्प्ट बदलायचाही होता. माझ्या मते त्या यादीत सर्वांत मोलाचं काम दुसरंच होतं: बॅकअप आपोआप उतरवून त्यातून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, याची नियमित चाचणी. तारीख ताजी असेल, आकारही जुळेल, तरी फाइल उघडेलच याची खात्री केवळ ती उघडूनच होते.